रोक्कालूनाच्या वेशीवरचा भंडारा

रोक्कालूना, इटली
रविवार, २७ एप्रिल २०२५

आक्का,

पाया पडतो. आईला फोनवरचं काय ऐकू येत न्हाई, आन् आपुन दोघं फोनवर नुसतं भांडतो, म्हणून तू सांगितल्यापरमाणं वहीचं पान फाडून लिवतोय. डोंगरावर रेंज न्हाई. रविवारी खाली गावात उतरलो की फोटो काढून व्हाट्सपवर टाकीन. तू आईच्या कानाशी बसून मोठ्यानं वाच.

आईनं इचारलं व्हतं, मी मेंढरं राखतो त्ये गाव कसलं हाय. तर आई, आपल्या नारायणगडावरनं माणसं कधी खाली उतरलीच नसती तर कसं दिसलं असतं, तसं हाय. टकुऱ्यावर आख्खं गाव, भवती तट, तटाला दोन वेशी. सात-आठशे वर्सांचं बांधकाम हाय म्हणत्यात. रस्ता म्हंजी पायऱ्याच, गाढव चढंल पण टेम्पो न्हाई. चौकात कचेरी हाय, तिच्या भिंतीत लोखंडाच्या तीन पट्ट्या ठोकल्यात. माझा मालक ब्रूनो म्हणतो, पूर्वी बाजारात घेतलेलं कापड गिऱ्हाइकानं हितं लावून बघायचं, मापात भरतंय का न्हाई त्ये. आळेफाट्याच्या बाजारात बी अशी एक ठोकाया पायजे. चौकातच आड हाय. कठड्याच्या दगडाला दोरानं खाचा पडल्यात, माझी बोटं आत जात्यात. किती बायांनी पाणी वढलं आसंल बघ. त्यांच्या देवळात भिंतभर नरकाचं चित्र काढलंय. त्यात चुगली करणारांच्या जिभा सांडशीनं वढत्यात. आपल्या चुलत्याच्या दादाभाऊला एकदा दाखवाया पायजे.

पण मला आवडतो त्यो खालच्या वेशीपाशचा दगूड. झऱ्याच्या वर भिंतीत बसवलाय, आपल्याकडच्या वीरगळाएवढा. त्यावर मेंढका हाय. खांद्यावर कोकरू, हातात काठी, पायाशी कुत्रं. नाक झिजून गेलंय. थंडी आली की डोंगरातली समदी मेंढरं ह्या वेशीतनं खाली समुद्राकडं जायाची आन् उन्हाळ्यात माघारी यायाची, जसं आपलं तात्या आहुप्याचा घाट उतरून कोकणात मेंढरांचा वाडा घेऊन जायाचं. जाताना दर मेंढका त्या दगडाला हात लावायचा. आता मेंढरं ट्रकमधनं जात्यात, कोण हात लावत न्हाई. मी लावतो.

आईचं पोट दुखायचं थांबलं का? नीट लिव.

मच्छिंद्र


बोरी बुद्रुक
रविवार, ४ मे २०२५

मच्छू,

सुखरूप राहा. तुझं पत्र आईला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्या वेळी ती आडाच्या खाचांवर रडली. दुसऱ्या वेळी दगडाचं ऐकून उठूनच बसली. म्हणाली, तो आपला बिरोबा आहे. मेंढरांच्या वाटेनं चालत लांब गेला, एवढंच. मी म्हटलं, आई, तो त्यांचा कुणीतरी साधू असेल. तिनं डोळे वटारले आणि दगडाचं पुन्हा वाच म्हणाली.

आता नीट लिही म्हणालास, तर लिहिते. पोटात गाठ आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी १४ तारखेला ऑपरेशन ठरवलंय. आणि ही बाई नको म्हणते. टेबलावर झोपणार नाही, मला घरीच राहू दे. दोन दिवस मी आणि शेजारच्या साळुमावशी डोकं फोडतोय. काल रात्री जेवताना तिनं अट घातली. मच्छिंद्र त्या देवाला भंडारा लावणार असेल तर मी येते.

तू निघालास तेव्हा तिनं तुझ्या कपड्यांत भंडाऱ्याची पुरचुंडी बांधून दिली होती. असेल ना? फेकली नसशील.

मी आहुप्याच्या आश्रमशाळेत पोरांना विज्ञान शिकवते. अंगारे-धुपारे करणाऱ्यांना वर्गात हसते. तीच मी तुला हात जोडून लिहितेय, की १४ तारखेला सकाळी त्या दगडाला भंडारा लाव. कोण काय म्हणेल याचा विचार करू नको. सकाळी लवकर जा, लाव आणि ये. मला फक्त तिला गाडीत बसवायचंय.

आक्का


रोक्कालूना
बुधवार, १४ मे २०२५

आक्का,

लावला. दिवस उगवायच्या आत खाली उतरलो. आधी झऱ्याच्या पाण्यानं दगूड धुतला. मंग भंडारा पाण्यात कालवून मेंढक्याच्या कपाळाला मळवट भरला, कोकराच्या पाठीला लावला, कुत्र्याला बी लावला, त्येनं काय पाप केलंय. उरलेला मूठभर वर उधळला. बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणताना लई दिसांनी घसा मोकळा झाला. समदा दगूड पिवळाधम्मक दिसत व्हता. आपल्या घरी आल्यावाणी वाटलं बघ.

म्हातारीला सांग, देव प्रसन्न हाय. टेबलावर गुमान झोप म्हणावं. मी हितं वेशीतच रेंज धरून बसलोय, झालं की कळीव.

मच्छिंद्र


बोरी बुद्रुक
मंगळवार, २० मे २०२५

मच्छू,

त्या दिवशी नुसता 'झालं' एवढाच मेसेज पाठवला. पुढचं लिहायला सहा दिवस लागले.

त्यांनी पोट उघडलं आणि परत शिवलं. सगळीकडे पसरलंय. घरी न्या म्हणाले. मी किती दिवस विचारलं. डॉक्टर भला माणूस होता, खोटं बोलला नाही. सहा आठवडे, फार तर आठ.

आईला हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं गाठ काढली. टाके दुखतात म्हणते आणि तुझं पत्र उशाशी ठेवते. रोज एकच विचारते, मच्छिंद्र कधी येणार.

तू ये. बाकी काही लिहीत नाही. काम जाईल तर जाऊ दे. ती शुद्धीवर आहे, बोलते, ओळखते, तेवढ्यात ये.

आक्का


रोक्कालूना
रविवार, १ जून २०२५

आक्का,

तुझं पत्र वाचलं. मी येणारच हाय. पण सध्या जमत न्हाई. मेंढ्या वरच्या कुरणात न्यायाचा मोसम हाय, चीज करायचं काम हाय, ब्रूनोला दुसरं माणूस मिळत न्हाई. जुलै-ऑगस्टात बघतो.

आईला वाचून दाखवाया थोडं लिवतो. आई, हितल्या मनोऱ्यावर घड्याळ हाय, त्याला एकच काटा. तास दावतो, मिंटं न्हाई. बनवलं तवा कुणाला घाईच नव्हती. घंटा मातुर चांगली खणखणीत. त्यांच्या देवाच्या सणाला समदं गाव मेणबत्त्या घेऊन पायऱ्या चढतं, आन् खालनं बघितलं की डोंगराला उजेडाची रेघ दिसती. वेशीकडं हल्ली माझं जाणं व्हत न्हाई.

औषध येळेवर घे.

मच्छिंद्र


बोरी बुद्रुक
सोमवार, ९ जून २०२५

मच्छिंद्र,

मेणबत्त्यांचं मी आईला वाचून दाखवलं नाही. माझ्याच्यानं झालं नाही.

जुलै-ऑगस्टात बघतो? तुला सहा आठवडे म्हणजे किती ते कळत नाही का? तात्या गेले तेव्हा तू एवढासा होतास. ह्या बाईनं मेंढरं विकली नाहीत, स्वतः काठी घेऊन हिंडली, पिंपरी पेंढारच्या माळावर तुला पाठीला बांधून. आणि तू मला चीज सांगतोस.

दादाभाऊ पारावर बसून सांगत सुटलाय की मच्छ्याला तिकडं गोरी बायको मिळाली, तो कशाला येतोय. मी त्याच्या घरी जाऊन त्याला वाटेल ते बोलले. पण रात्री माझ्याच मनात आलं की याच्यापेक्षा तेच खरं असतं तर बरं, निदान कारण तरी असतं.

आई आता भाकरी खात नाही. पेज घेते, तीही चार चमचे. उंबऱ्याकडे तोंड करून अंथरूण घाल म्हणाली, तसं घातलंय. शाळा पुढच्या आठवड्यात उघडतेय, तरी मी रजा टाकून बसलेय. तुला यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिही. मी तिला काहीतरी सांगेन. मी खोटं बोलायला शिकलेय आता.

निर्मला


रोक्कालूना
रविवार, १५ जून २०२५

आक्का,

तू खाली 'निर्मला' लिवलंस. तवा आता लपवून काय उपेग न्हाई. हे आईला वाचू नको.

मला हितनं हलता येत न्हाई. माझा पासपोर्ट पोलिसांनी घेतलाय.

त्या दिवशी भंडारा लावून मी वेशीतच बसलो व्हतो. एक म्हातारी पाण्याला आली, तिनं दगूड बघितला आन् हातातलं भांडंच टाकलं. दुपारपातुर समदा गाव गोळा झाला. त्यांना वाटलं कुणी रंग फासला. मी पुढं होऊन सांगितलं की म्या लावलाय, देवाला लावलाय, आईसाठी लावलाय. माझ्या मोडक्या बोलीत त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. त्यो दगूड सरकारी यादीतला हाय, आक्का. गावाला सुदिक वरनं परवानगी आल्याबिगर त्याला हात लावता येत न्हाई. शेंबड्या पोराला ठावं हाय, मलाच न्हवतं. पोलीस मला घेऊन गेलं.

मंग शहरातनं लुचिया नावाची बाई आली, जुनी चित्रं-दगूड साफ करणारी. तिनं कसलंसं साबणावाणी औषध कापसानं लावलं. तर पिवळं व्हतं त्ये लालभडक झालं. मेंढक्याच्या कपाळातनं रगत वाहतंय आसं दिसाया लागलं. पेपरात आलं की परदेशी माणसानं देवावर रगत वतलं. तवापासनं दगूड काळ्या प्लास्टिकात गुंडाळून बांधून ठेवलाय. मोठा जाणकार सप्टेंबरात येणार, डाग निघतो का बघणार, मंग कोर्ट. तवर गाव सोडायचं न्हाई.

पायऱ्यांनी चढताना बाया खिडक्या लावून घेत्यात. ब्रूनो माझ्या बाजूनं हाय, पण त्येची बायको मला ताट देताना बोलत न्हाई. मी रोज पोलिसाच्या कचेरीत जाऊन आईचा फोटो दावतो. साहेब वाईट न्हाई, तो म्हणतो, डाग हाय तवर माझ्या हातात काय न्हाई.

तुला सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं तुझ्यामुळं झालं. आईला कळलं असतं तर ती तशीच मेली असती. म्हणून चीज लिवलं. मला माफ कर. आक्का, मी काय करू, मला सांग. मला खरंच काय सुधरत न्हाई.

मच्छिंद्र


बोरी बुद्रुक
बुधवार, १८ जून २०२५

मच्छू, माझ्या बाळा,

आधी कामाचं. मग मला काय वाटलं ते.

मी पत्र आईपासून लपवत होते. पण बिनकानाची माणसं तोंड वाचतात. तिनं माझा हात धरला आणि सोडेना. शेवटी तिच्या कानात सगळं ओरडून सांगितलं. शेजारच्या साळुमावशीही ऐकून आल्या. मला वाटलं, आता हिचा श्वास थांबतो. आणि ती हसली, मच्छू. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली:

"हळद कधी उन्हापुढं टिकलीय का? झाकली कशाला त्यांनी?"

साबणानं लाल होणारच, तेही म्हणाली. नुसत्या पाण्यानं खळबळून काढा, साबण गेला की पुन्हा पिवळं. मग उघडं टाका उन्हात. यात्रेत भंडाऱ्यानं माखलेले तुझे सदरे ती कुंपणावर टाकायची, आठवतं का? दोन-चार दिवसांत पांढरे.

आणि मी. दरवर्षी सातवीच्या पोरांकडून हळदीचा कागद करून घेते. साबणाच्या पाण्यात बुडवला की लाल होतो, पोरं टाळ्या पिटतात. वीस वर्षं हेच शिकवतेय. तू मला महिनाभर आधी लिहिलं असतंस तर मी एका ओळीत सांगितलं असतं. तू मला जपलंस, मी तुला शिव्या घातल्या, आणि तो डाग काळ्या प्लास्टिकखाली तसाच बसून राहिला. ह्या एका महिन्याचं मी काय करू?

त्या लोकांवर चिडू नको. आहुप्याच्या देवराईतली वाळकी काटकीही आम्ही पोरांना उचलू देत नाही. उद्या कुणी परका येऊन तिथल्या झाडाला त्याच्या देवाचा रंग लावून गेला, तर त्याची आई आजारी आहे का, असं आपण विचारलं असतं का? आधी त्याला बांधूनच घातला असता. दुसऱ्याच्या राईत हात घालायला तुला मी सांगितलं. माझी चूक आहे ती.

सोबत त्या लुचियाबाईंना इंग्रजीत चिठ्ठी लिहिली आहे. त्यांना दाखव. एकदम दगडाला हात लावा म्हणू नकोस, ऐकणार नाहीत. तसल्याच दगडाचा तुकडा घे. त्याला भंडारा लाव, त्यांचं औषध लाव, पाण्यानं धू. अर्धा झाक, अर्धा उन्हात ठेव. मग त्यांनाच बघू दे.

डॉक्टर आज येऊन गेले. आता आठवडे म्हणत नाहीत. दिवस म्हणतात.

तुझी आक्का


रोक्कालूना
रविवार, २९ जून २०२५

आक्का, आईला मोठ्यानं वाच. समद्यांना बोलावून वाच.

लुचियाबाईनं तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. जुन्या खाणीतनं म्या दगूड आणला, पुरचुंडी झाडून भंडारा काढला, तू सांगितलं तसंच केलं. अर्ध्यावर कौल पालथं घातलं. हितं जूनमधी सकाळी साडेपाचला ऊन येतं ते रात्री नवाला जातं. चौथ्या दिवशी बाईनं कौल उचललं. झाकलेलं पिवळंजर्द, उघडं व्हतं त्ये साफ. ती तिथंच पायरीवर बसली आन् डोक्याला हात लावून हसाया लागली. मंग वर फोन लावला, तिथनं परवानगी काढली. बुधवारी प्लास्टिक सोडलं.

पाण्यानं लाल गेलं. मंग रोज थोडं थोडं पिवळं उडत गेलं. मी मेंढरं ब्रूनोवर सोडून दिसभर दगडासमोर बसून व्हतो, ढग आला की उठून आभाळाकडं बघायचो. माणसं येऊन बघून जायाची. भांडं टाकलेली म्हातारी बी आली. लई येळ उभी ऱ्हायली, मंग मेंढक्याच्या पायाला हात लावला आन् माझ्या आईचं नाव इचारलं. म्या सांगितलं, बाळाबाई. तिनं दोनदा म्हणून बघितलं.

आज कोकराच्या लोकरीच्या खाचेत तेवढं इवलंसं पिवळं हाय. बाईनं लिवून दिलंय की दगडाला काय इजा न्हाई. बुधवारी पासपोर्ट मिळतोय. गुरवारचं विमान, शुक्करवारी पहाटं मुंबई, दुपारी घरी.

आई, पाच दिस. फक्त पाच दिस दम धर. उंबऱ्याकडं तोंड करून ऱ्हा, मी येतोय.

मच्छिंद्र


बोरी बुद्रुक
मंगळवार, १ जुलै २०२५

मच्छू,

उद्या पासपोर्ट घ्यायला गावात उतरशील तेव्हा हे वाचशील. फोन केला नाही. तुझा आवाज ऐकायची ताकद माझ्यात नाही.

आई काल संध्याकाळी गेली.

तुझं पत्र तिनं ऐकलं. रविवारी रात्री मी कानाशी बसून सगळं वाचलं, म्हातारीनं तिचं नाव दोनदा म्हटलं तेही. तिनं विचारलं, गेला का डाग? मी म्हटलं, गेला. म्हणाली, "मंग येऊ दे त्याला सावकाश." मग देवापुढचा भंडारा मागितला. त्यात हात घातला, कपाळाला लावला, आणि तो हात तसाच अंगावरच्या वाकळेवर दाबून ठेवला. पुन्हा बोलली नाही. काल दिवसभर उंबऱ्याकडे बघत होती. दिवेलागणीला डोळे मिटले.

शुक्रवारपर्यंत ठेवता आलं नाही, मच्छू. मी सगळ्यांशी भांडले. आज सकाळी नेलं. दादाभाऊनं अग्नी दिला आणि तिथंच खाली बसून लहान पोरासारखा रडला. पारावर बोलला होता ते सगळं माझ्यापाशी कबूल केलं. त्याला काही बोलू नकोस.

तू लवकर लिहिलं असतंस तर, मी भंडारा लाव म्हटलंच नसतं तर, हे मी दिवसभर उलटसुलट करतेय. तुझंही तेच चालेल. दोघं मिळून करू. ये.

एक गोष्ट राहिली. बायकांनी तिचं अंथरूण-पांघरूण काढून धुवायला नेलं. चार दिवसांच्या पावसानंतर आज ऊन पडलंय, सगळं बाहेर वाळत टाकलंय. वाकळ मी दिली नाही. तिच्यावर आईच्या हाताचा भंडारा उमटलाय, चारी बोटं आणि अंगठा, जसाच्या तसा. साळुमावशी म्हणाल्या, अगं, उन्हात टाक, जाईल आपोआप. मी ती काळ्या कापडात गुंडाळून तात्यांच्या पेटीत ठेवलीय आणि कुलूप लावून किल्ली गळ्यात घातलीय. तू आल्याशिवाय पेटी उघडणार नाही.

आक्का